सात धन्यांचा सरदार

गेल्या पावसाळ्यात एका कारखान्यात नव्याने भरती झालेल्या मुलांच्या प्रशिक्षणाला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. माझ्या आधी बोलणाऱ्या वक्त्यांनी पडद्यावर चिलखत घातलेल्या, शिंगांचं शिरस्त्राण चढवलेल्या सामुराईचं चित्र लावलं होतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की सामुराई धन्यासाठी जगतो आणि धन्यासाठीच मरतो. पुढचा अर्धा तास त्यांनी जपानी माणसाची निष्ठा, घड्याळाकडे न बघता काम करण्याची वृत्ती आणि नोकरी बदलण्याची आपल्याकडची 'खोड' यांवर घालवला. मागच्या रांगेतल्या एका मुलाने हात वर करून विचारलं, "सर, आणि धनी त्याच्यासाठी काय करायचा?" प्रश्न चांगला आहे म्हणून वक्ते पुढच्या चित्राकडे वळले.

त्या मुलाला उत्तर मिळायला हवं होतं. इतिहासात ते आहे, आणि पडद्यावरच्या चित्राशी ते जुळत नाही. ज्या काळात जपानात खरोखर लढाया होत होत्या, सोळाव्या शतकातल्या त्या धुमश्चक्रीत, धनी काय देतो हा प्रश्न प्रत्येक सरदार विचारत असे. तो उघडपणे, भर दरबारात विचारत असे आणि समाधानकारक उत्तर मिळालं नाही तर घोड्यावर खोगीर चढवून निघून जात असे. मरणाला कवटाळणारा, तोंडातून ब्र न काढणारा सामुराई लढाया संपल्यानंतर कागदावर जन्मला. आज आपण आपल्या मुलांना शिकवतो आहोत तो हा कागदावरचा माणूस. हे चुकीचं आहे, आणि निरुपद्रवी तर मुळीच नाही, असं मला वाटतं.

माझ्यासमोर उदाहरण आहे तोदो ताकातोरा याचं. जपानबाहेर हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही. जपानात ते ठाऊक आहे, पण दोन अगदी वेगळ्या कारणांनी: किल्ले बांधणारा महान स्थपती म्हणून, आणि सतत धनी बदलणारा माणूस म्हणून.

ताकातोराचा जन्म 1556 मधला, बिवा सरोवराजवळच्या ओमी प्रांतात, तोदो याच नावाच्या गावी. घराणं सामुराईचं, पण उतरती कळा लागलेलं, जवळपास शेतकऱ्यासारखं जगणारं. मुलगा अंगापेराने दांडगा. सहा फुटांहून उंच होता म्हणतात, त्या काळच्या जपानात राक्षसच. 1570 मध्ये आनेगावाच्या लढाईत तो आझाई नागामासाच्या बाजूने पहिल्यांदा लढला, चौदा-पंधरा वर्षांचा असताना. समोर जपान एका सत्तेखाली आणू पाहणारा ओदा नोबुनागा आणि त्याचा मित्र, पुढे शोगुन म्हणजे देशाचा लष्करी सत्ताधीश झालेला तोकुगावा इएयासू यांच्या फौजा होत्या. आझाई हरले आणि तीन वर्षांनी त्यांचं घराणंच बुडालं. त्याआधीच ताकातोरा एका सहकाऱ्याला मारून तिथून पळालेला होता. मग आत्सुजी सादायुकी. मग इसोनो काझुमासा, ज्याने त्याला 80 कोकूंची नेमणूक दिली. मग नोबुनागाचा पुतण्या त्सुदा नोबुझुमी. तिथे पराक्रम करूनही नेमणूक वाढेना, म्हणून तेही सोडलं. विशी ओलांडण्याच्या आत चार धनी झाले.

कोकू म्हणजे एका माणसाला साधारण वर्षभर पुरेल इतका तांदूळ, आजच्या हिशेबात दीडशे किलोच्या आसपास. सामुराईची किंमत पैशांत नव्हे, या मापात ठरे. 80 कोकू म्हणजे घोडा, दोन-चार माणसं आणि घरचा खर्च जेमतेम निभावणारा माणूस. 1576 मध्ये नोबुनागाचा सेनानी असलेल्या आणि त्याच्यानंतर जपानचा सत्ताधीश झालेल्या हिदेयोशीचा धाकटा भाऊ हिदेनागा याने ताकातोराला 300 कोकूंवर ठेवून घेतलं. शेवटी 1617 मध्ये तो ईसे आणि इगा या प्रांतांतल्या सव्वातीन लाख कोकूंच्या मुलखाचा मालक होता. 80 पासून सव्वातीन लाखांपर्यंत.

'सात वेळा धनी बदलल्याशिवाय सामुराई म्हणवून घेऊ नये' असं एक वाक्य त्याच्या नावावर सांगितलं जातं. तो खरंच तसं म्हणाला का, यात मला फार रस नाही. त्याच्या घराण्याने जपून ठेवलेल्या उपदेशाच्या कलमांत याहून गंभीर गोष्ट आहे. तिचा आशय असा: वर्षानुवर्षं रात्रंदिवस चाकरी करूनही ज्या धन्याच्या ती लक्षात येत नाही, त्याची चाकरी पिढीजात असली तरी सोडावी, नुसतं पेंगत दिवस काढण्यात अर्थ नाही. पण धनी मायाळू आणि न्यायी असेल, तर हालअपेष्टा सोसूनही त्यालाच पिढ्यान् पिढ्यांचा धनी मानून राहावं.

या कलमाचे दोन्ही भाग एकत्र वाचायला हवेत, कारण ताकातोराचं आयुष्य दोन्हीप्रमाणे गेलं. हिदेनागाने त्याला ओळखलं, वाढवलं, किल्ले बांधायची कामं दिली. त्याच्याकडे ताकातोरा पंधरा वर्षं राहिला, 1591 मध्ये हिदेनागा वारला तोपर्यंत. त्यानंतर त्याच्या दत्तक मुलाची, कोवळ्या हिदेयासूची चाकरी केली. 1595 मध्ये तोही गेला, तेव्हा ताकातोराने डोकं भादरून कोया डोंगरावरच्या मठांची वाट धरली. नवा धनी शोधायला तो निघाला नाही. हिदेयोशीने माणसं पाठवून त्याला परत आणलं आणि शिकोकू बेटावर उवाजिमाचा मुलूख दिला. पुढे इएयासूच्या पदरी तो जो गेला, तो 1630 मध्ये मरेपर्यंत, तीन शोगुनांच्या कारकिर्दींत, तिथेच राहिला. (1630 हे शिवाजी महाराजांच्या जन्माचं वर्ष. जपानात तोवर लढाया संपत आल्या होत्या, आपल्याकडची कहाणी सुरू होत होती.) याला धरसोड कशी म्हणायची? जिथे त्याच्या कामाची कदर झाली तिथे तो खांबासारखा उभा राहिला.

आणि हे एकट्या ताकातोराचं वैशिष्ट्य नव्हतं. जपानी भाषेत धन्याच्या उपकाराला 'गोऑन' आणि त्याबदल्यातल्या चाकरीला 'होको' म्हणतात. दोन शब्द जोडीनेच येतात, एक सुटला की दुसऱ्याला आधार उरत नाही. याचा जुना पुरावा हवा असेल तर ताकेझाकी सुएनागाकडे पाहा. 1274 मध्ये मंगोलांच्या आरमाराशी क्यूशूच्या किनाऱ्यावर तो लढला, जखमी झाला आणि बक्षीस मिळालं नाही. तेव्हा त्याने घोडा आणि खोगीर विकून वाटखर्च उभा केला, तेव्हाच्या लष्करी सरकारचं ठाणं असलेलं पार कामाकुरा गाठलं, सरकारी अधिकाऱ्यासमोर आपली फिर्याद मांडली आणि जमीन मिळवूनच परतला. आपल्या लढाईची चित्रपट्टीही त्याने करवून घेतली. ती आजही आहे, आणि मंगोल स्वारीवरच्या प्रत्येक पुस्तकात तिच्यातली चित्रं छापली जातात. ती पाहणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक असतं की त्या पट्टीत, मंगोलांच्या बाणांखाली रक्तबंबाळ झालेल्या घोड्याच्या जोडीला, बक्षिसासाठी अधिकाऱ्यासमोर बसलेला सुएनागाही रंगवलेला आहे? त्याला त्यात काही लाज वाटली नव्हती.

मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही. स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येणारा शिलेदार आपल्या ओळखीचा आहे. त्याची चाकरी कराराने चाले, आणि सरंजाम मिळाला नाही की तो काय करी हे आपल्या बखरींना चांगलं माहीत आहे.

आता त्या चित्रातल्या तलवारीविषयी. सामुराई सेनापती म्हटला की आपल्यासमोर द्वंद्व येतं: दोन माणसं, दोन तलवारी, गळणारी चेरीची फुलं. प्रत्यक्षात हजारो माणसांच्या फौजेचं नेतृत्व करणाऱ्याचा बहुतेक दिवस तांदळात जाई. सतराव्या शतकातली, साध्या हशमांसाठी लिहिलेली एक मार्गदर्शिका उपलब्ध आहे. तिच्यातला हिशेब असा: माणशी दिवसाला सहा गो तांदूळ, म्हणजे लिटरभराहून थोडा जास्त, आणि दहा माणसांमागे एक गो मीठ, दोन गो मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट गोळा. दहा दिवसांचा शिधा एकदम हातात देऊ नका, कारण पिणारी माणसं त्याची दारू गाळून पितील आणि मग उपाशी मरतील, म्हणून तीन-चार दिवसांचाच द्या, असं त्यात बजावलं आहे. अळूचे देठ मिसोत शिजवून, वाळवून, त्यांचा दोर वळायचा. प्रवासात तो सामान बांधायला वापरायचा आणि मुक्कामी तुकडे करून पाण्यात उकळायचा, की आमटी तयार. ही पानं वाचताना मला त्या फौजा पहिल्यांदा जिवंत वाटल्या. ज्याने हे लिहिलं त्याला आपल्या माणसांची भूक ठाऊक होती.

यात 1543 नंतर बंदुकांची भर पडली. तानेगाशिमा बेटावर उतरलेल्या पोर्तुगीजांकडून ती विद्या जपानला मिळाली, आणि त्या पोर्तुगीजांचं आशियातलं मुख्य ठाणं होतं आपलं गोवं. तोड्याची बंदूक आल्यावर एकट्या वीराची किंमत उतरली. दारू कोरडी ठेवणारा, शिशाच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणारा, शेकडो शेतकऱ्यांना एका इशाऱ्यावर बार काढायला शिकवणारा माणूस महत्त्वाचा ठरला. सेनापती हा मोठा व्यवस्थापक झाला, आणि उत्तम सेनापती हा माणसं वाचवणारा व्यवस्थापक झाला.

ताकातोराची प्रतिभा इथेच दिसते, दगड आणि पाण्यात. उवाजिमाच्या किल्ल्याची आखणी त्याने पंचकोनी केली. बाहेरून पाहणाऱ्याला तो चौकोनी भासे, म्हणजे हल्ला करणारा चार बाजूंचा विचार करी आणि पाचवी बाजू येण्याजाण्यासाठी मोकळी राही. इमाबारीला त्याने समुद्रकाठच्या वाळूवर किल्ला उभारला आणि खंदकांत थेट समुद्राचं पाणी घेतलं. भरतीला त्या खंदकांची पातळी अजून चढते, त्यांत समुद्रातले मासे पोहतात. त्याच्या आधीचे बुरूज मोठ्या वाड्याच्या छपरावर मनोरा बसवल्यासारखे असत. तळाची मापं चुकली की वरचं सगळं बिघडे. ताकातोराने चौकोनी पेट्या एकीवर एक ठेवाव्यात तसे, वर वर लहान होत जाणारे मजले रचण्याची पद्धत रूढ केली. लाकूड आधीच मापाने कापता येऊ लागलं, काम झपाट्याने होऊ लागलं आणि असा बुरूज सुटा करून दुसरीकडे नेता येऊ लागला. इमाबारीचा बुरूज खरोखरच असा हलवून तांबा प्रांतातल्या कामेयामाला उभा केला गेला. इगा उएनोच्या किल्ल्याचा त्याने उभारलेला दगडी तट सुमारे 30 मीटर उंच आहे, जपानमधल्या सर्वांत उंच तटांपैकी एक. त्याच किल्ल्याचा पाच मजली बुरूज बांधून होत आला असताना 1612 च्या वादळात कोसळला. ताकातोराने तो पुन्हा बांधला नाही.

हे सगळं लढाईच टाळण्यासाठी होतं. उंच तट पाहून शत्रू परत फिरला तर दोन्हीकडची माणसं घरी जातात. जपानवर सत्ता कुणाची हे ठरवणाऱ्या आणि इएयासूने जिंकलेल्या सेकिगाहाराच्या लढाईआधीही, 1600 मध्ये, इएयासूच्या बाजूने असलेल्या ताकातोराने हेच केलं. समोरच्या फळीतल्या वाकिसाका यासुहारूसारख्या सरदारांशी आधीच बोलणी करून ठेवली. ऐन लढाईत ते उलटले आणि दिवसभरात निकाल लागला. याला फितुरी म्हणायचं की मुत्सद्देगिरी, हे बोलणारा कुठल्या छावणीत उभा आहे त्यावर ठरतं.

त्या दिवसाची एक गोष्ट जपानात अजून सांगितली जाते. पराभूत बाजूचा ओतानी योशित्सुगू रोगाने जर्जर झालेला होता. त्याने रणातच आत्महत्या केली आणि आपलं शिर शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ते पुरायला सेवकाला, युआसा गोसुकेला सांगितलं. गोसुके शिर पुरत असतानाच ताकातोराच्या पुतण्याने त्याला गाठलं. गोसुके म्हणाला, "माझं शिर घ्या, पण धन्याचं कुठे आहे ते सांगू नका." पुतण्याने वचन दिलं, आणि पुढे खुद्द इएयासूने विचारल्यावरही ते मोडलं नाही. सेकिगाहाराच्या झाडीत ओतानीची समाधी आहे. ती तोदो घराण्याने, म्हणजे शत्रूने बांधली असं मानतात. शब्दाला जागणं म्हणजे काय हे ज्याला मुलांना शिकवायचं आहे, त्याने ही गोष्ट सांगावी.

पण ताकातोराला देव्हाऱ्यात बसवायची माझी इच्छा नाही. हिदेयोशीच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांत तो आरमाराचा सरदार होता. 1597 च्या दुसऱ्या स्वारीत चिलचॉनर्यांगला कोरियाचं आरमार बुडवण्यात त्याचा हात होता. पुढे म्योंगन्यांगच्या सामुद्रधुनीत कोरियन आरमाराचा सेनापती यी सुनसिन याने अवघ्या तेरा जहाजांनिशी जपानी ताफा परतवला, तिथे ताकातोरा जखमी झाला. त्या वर्षी जपानी सैन्याने मारलेल्या आणि कधी जिवंतही असलेल्या कोरियन माणसांची नाकं कापून, मिठात घालून, मोजणीसाठी मायदेशी पाठवली. क्योतोमध्ये त्यांचा ढिगारा पुरलेला उंचवटा आजही आहे. आधी ज्या मोजणीचं मी कौतुक केलं, तीच इथे काय रूप घेते ते पाहिलं की अंगावर काटा येतो. काटेकोर व्यवस्थापक असणं आणि चांगला माणूस असणं या दोन गोष्टी आहेत.

त्याच शरद ऋतूत ताकातोराच्या माणसांनी समुद्रात एक बोट पकडली. तीत कांग हांग नावाचा कोरियन विद्वान कुटुंबासह पळून चालला होता. त्याची दोन लहानगी मुलं किनाऱ्यावरच्या वाळूत राहिली आणि भरतीने गिळली. त्यांचा आक्रोश कितीतरी वेळ ऐकू येत होता, असं त्याने पुढे लिहून ठेवलं. कांग हांगला शिकोकूवरच्या ओझूला आणलं, मग फुशिमीला. तिथे फुजिवारा सेइका या जपानी विद्वानाची आणि त्याची गाठ पडली. कैदी कांग हांगने त्याला कन्फ्यूशियस परंपरेतले ग्रंथ उतरवून दिले, नव्या कन्फ्यूशियस विचाराची ओळख पक्की करून दिली. 1600 मध्ये त्याची सुटका झाली. सेइकाचा शिष्य हायाशी राझान पुढे तोकुगावा शोगुनांचा सल्लागार झाला. धनी वर आणि सेवक खाली हा आकाश आणि पृथ्वीसारखा निसर्गाचा क्रम आहे, असा विचार त्याने राज्यकर्त्यांच्या हाती दिला. ही वाट पुढे बुशिदोपर्यंत, म्हणजे 'सामुराईचा मार्ग' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या नीतीपर्यंत जाते.

1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला, 1638 मध्ये शिमाबाराचं बंड मोडलं, आणि त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं जपानात मोठी लढाई झाली नाही. लाखो सामुराई होते, युद्ध नव्हतं. ते कारकुनी करू लागले, ठरावीक तांदळावर जगू लागले. धनी बदलण्याची सोय गेली. ज्याला बाहेर जायला दार उरत नाही, त्याला आत राहण्याचं तत्त्वज्ञान लागतं. सामुराईचा मार्ग मरणात सापडतो असं सांगणारं प्रसिद्ध 'हागाकुरे' याच काळातलं. ते सांगणारा यामामोतो त्सुनेतोमो 1659 मध्ये जन्मला. त्याने आयुष्यात एकही लढाई पाहिली नाही. 1700 मध्ये त्याचा धनी वारला तेव्हा त्याच्यामागे मरण्याची त्याची इच्छा होती, पण धन्याने स्वतःच तशा आत्महत्यांवर बंदी घालून ठेवली होती. तो भिक्षू झाला, आणि न मिळालेल्या मरणाबद्दल बोलत राहिला. मला त्याच्याविषयी कणव वाटते. पण त्याचं दुःख हे आनेगावाचं आणि सेकिगाहाराचं वर्णन नव्हे.

'बुशिदो' हा शब्द जगभर नेला तो नितोबे इनाझो यांच्या पुस्तकाने, 1900 च्या सुमारास. नितोबे क्वेकर पंथाचे ख्रिस्ती होते, त्यांची पत्नी अमेरिकन होती आणि पुस्तक त्यांनी अमेरिकेत, इंग्रजीत लिहिलं. धर्मशिक्षण नसताना तुमच्याकडे नीती कशी शिकवतात, असं एका युरोपीय प्राध्यापकाने त्यांना विचारलं होतं, त्याचं हे उत्तर. पाश्चात्त्यांसमोर आपल्या देशाची मान उंच राहावी ही त्यांची तळमळ खरी होती. पण एका सज्जन माणसाने परक्यांसाठी रंगवलेलं ते चित्र होतं, आणि ते सैन्याच्या शिकवणुकीशी फार सहज जुळलं. 1882 च्या शाही आज्ञापत्राने सैनिकांना आधीच सांगितलं होतं की कर्तव्य पर्वताहून जड आहे आणि मरण पिसाहून हलकं. 1941 च्या लष्करी संहितेने कैदी म्हणून जगण्यापेक्षा मरण पत्करायला सांगितलं. ऑक्टोबर 1944 पासून विशीच्या आतबाहेरची मुलं विमानांसह अमेरिकन जहाजांवर आदळू लागली. शिबंदीचा तांदूळ मोजणाऱ्या जुन्या सरदाराला ही व्यवस्था दिवाळखोर वाटली असती. उपासमारीने आणि रोगाने आपले सैनिक मोठ्या संख्येने गमावणारं ते सैन्य त्यांना निष्ठा शिकवत होतं, शिधा पोचवत नव्हतं.

माझ्याविरुद्धचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे तोरी मोतोतादा, आणि तो मी टाळणार नाही. तो इएयासूचा लहानपणापासूनचा सोबती. 1600 मध्ये, सेकिगाहाराच्या लढाईआधी, फुशिमीचा किल्ला पडणार हे दोघांनाही ठाऊक होतं. मोतोतादा सुमारे दोन हजार माणसांनिशी चाळीस हजारांसमोर दहा-बारा दिवस टिकला आणि मेला. त्या दिवसांनी इएयासूला वेळ मिळाला. जिथे ती माणसं मेली त्या फळ्या क्योतोच्या योगेन-इन मंदिराच्या छताला लावल्या आहेत, रक्ताच्या डागांसह. मी या निष्ठेपुढे मान झुकवतो. पण तिच्यामागे पन्नास वर्षांची साथ होती. ओलीस म्हणून काढलेलं बालपण, एकत्र सोसलेले पराभव, एकमेकांना दिलेले शब्द होते. मोतोतादाच्या मुलांना इएयासूने अंतर दिलं नाही. ते बलिदान ठरलेली किंमत म्हणून कुणी त्याच्याकडून वसूल केलं नव्हतं. आज नोकरीला लागलेल्या पोराकडे पहिल्याच दिवशी मोतोतादाची मागणी करणाऱ्याने आधी ती पन्नास वर्षं दिली पाहिजेत.

धन्यामागे मरण्याच्या प्रथेबद्दल ताकातोराने काय केलं, तेही सांगायला हवं. आपण गेल्यावर कोण कोण जीव देणार आहे, त्यांनी आपली नावं पेटीत टाकावीत असं त्याने सांगितलं. पेटी उघडली तर कितीतरी नावं निघाली. ती यादी घेऊन तो इएयासूकडे गेला आणि या माणसांनी मरू नये, माझ्या मुलाच्या पदरी राहावं, असा हुकूमच मिळवून आला. ही हकीकत त्याच्या घराण्यात सांगितली जाते. देशभर या प्रथेवर बंदी आली ती 1663 मध्ये. चाकरी सोडून जाणाऱ्यांना तो चहाला बोलावी, आपली तलवार भेट देई आणि तिकडे जमलं नाही तर परत ये म्हणे, अशीही त्याची ख्याती होती.

म्हणूनच वातानाबे कानबेईची गोष्ट मनाला लागते. कानबेई हा नावाजलेला भालाईत. ताकातोराने त्याला 20 हजार कोकू देऊन आपल्याकडे आणलं होतं, आणि इमाबारीच्या बांधकामावरही त्याने काम केलं. 1615 मध्ये ओसाकाजवळ याओच्या लढाईत ताकातोराच्या फौजेची भयंकर हानी झाली, त्याचे नातलग आणि नामांकित सरदार पडले. त्या लढाईत कसं लढायचं यावरून कानबेईचं आणि धन्याचं जुंपलं. कानबेई चाकरी सोडून गेला. यावेळी चहा नव्हता, तलवार नव्हती. ताकातोराने 'होको-कामाए' काढलं, म्हणजे हा माणूस माझ्याकडून गेलेला आहे, त्याला कुणीही चाकरीवर ठेवू नये, असा सगळ्या सरदारांना इशारा. स्वतः सात दारं ओलांडून आलेल्याने दुसऱ्याचं दार बंद केलं. कानबेई 1640 मध्ये क्योतोत वारला. मधल्या पंचवीस वर्षांत त्याला पुन्हा कुणाची चाकरी मिळाली नाही.

मला वाटतं, निष्ठेबद्दलचा आपला सगळा वाद इथे येऊन थांबतो. धनी बदलणारा माणूस नेक की बेइमान, हा प्रश्न दुय्यम आहे. दार बंद करण्याची ताकद कुणाच्या हातात आहे आणि ती कशी वापरली जाते, हे आधी बघावं लागतं. जपानमध्ये अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला 'कारोशी' हा वेगळा शब्द पाडावा लागला आणि 2014 मध्ये त्याविरुद्ध कायदा करावा लागला, तो माणसांना निष्ठा कमी पडली म्हणून नव्हे. आपल्याकडच्या राजकारणातही निष्ठावंत आणि गद्दार असे दोनच शिक्के रोज मारले जातात. तिथे ताकातोराचा दाखला मात्र कुणी देऊ नये. त्याचा करार धन्याशी होता. निवडून आलेल्याचा करार मतदाराशी असतो, आणि त्याने नेत्याला सोडलं की नाही यापेक्षा मतदाराला सोडलं का, हे तपासलं पाहिजे.

प्रशिक्षण संपल्यावर तो मागच्या रांगेतला मुलगा चहाच्या टेबलाशी भेटला. त्याने हा प्रश्न का विचारला ते तिथे कळलं. आधीच्या नोकरीत तीन वर्षं काढली होती, शेवटचे पाच महिने पगार अर्धाच मिळाला होता. नोटीस देऊन, मुदत पुरी करून तो बाहेर पडला, तर त्यांनी रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवलं. ते नाही म्हणून दोन ठिकाणची कामं हातची गेली. इथेही त्याला तात्पुरतंच घेतलं होतं, महिनाअखेर पत्र आणून दे या अटीवर. मी त्याला ताकातोराच्या उपदेशातलं ते कलम सांगितलं, आणि मग कानबेईचंही सांगितलं. तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तेव्हाही लेटर अडवायचे."